तराजूचे एक पारडे



स्मृतिव्याख्यानासाठी मी टॉवर क्रेनचा विषय निवडला, याचे काहींना नवल वाटेल. परंतु कामरेजपासून सुरतेपर्यंत उंच इमारती उभ्या राहत आहेत, आणि त्यांच्या माथ्यावर काम करणारी माणसे आपलीच आहेत.

22 ऑगस्ट 2024 रोजी सुरतेतील नाना वराछा येथे मेट्रोच्या कामावर एक क्रेन कलंडून बंगल्यावर कोसळली. सुदैवाने जीवितहानी झाली नाही. ती टॉवर क्रेन नव्हती. तथापि अवजड यंत्रांचा तोल किती नाजूक असतो, हे तिने आपल्या दाराशी दाखवून दिले.

टॉवर क्रेन हा वस्तुतः एक तराजू होय. खांबाच्या एका अंगास लांब भुजा, दुसऱ्या अंगास आखूड भुजेवर काँक्रीटचा प्रतिभार. जोडणी व उतरवणी चालू असताना मात्र एक पारडे काही काळ अपुरे असते. म्हणून कोणता भाग केव्हा चढवावा, प्रतिभाराचे किती ठोकळे आधी व किती नंतर ठेवावेत, हा क्रम निर्माता ठरवून देतो. उंची वाढवताना तर वरचा सारा भाग खांबापासून सुटा होऊन हायड्रॉलिक जॅकवर तोललेला असतो. त्या वेळी भुजा फिरवणे सर्वथा वर्ज्य असते; वाऱ्याची मर्यादाही नेहमीच्या कामाहून कडक असते.

अमेरिकेतील सिअ‍ॅटल शहरात 27 एप्रिल 2019 रोजी क्रेन उतरवली जात होती. खांबाचे तुकडे जोडणाऱ्या बहुतेक पिना मुदतीपूर्वीच काढलेल्या होत्या. वाऱ्याचा झोत आला आणि खांब कोसळला. चार जीव गेले. त्यांपैकी दोघे खाली रस्त्यावर मोटारींत होते. ज्या तुकड्याची पाळी असेल, त्याचीच पिन, तोही दुसऱ्या क्रेनने पेलून धरल्यावर काढायची, हा नियम पाळला असता तर ती क्रेन उभी राहिली असती.

यातून चार गोष्टी निष्पन्न होतात. कामाचा क्रम कामगारांच्या भाषेत समजावून द्यावा. आज्ञा एकाच जाणत्या माणसाने द्यावी. वारा अंदाजाने नव्हे, यंत्राने मोजावा. खालची जागा, आणि गरज पडल्यास रस्ताही, मोकळा ठेवावा.

पाचवी गोष्ट आपणा माजी विद्यार्थ्यांसाठी. आपल्यापैकी कोणी कंत्राटदार असेल, कोणी अभियंता. वर चढलेला माणूस "आज नको" म्हणाला, तर त्याची रोजी कापू नका. एक दिवस वाया गेल्याचे दुःख विसरता येते. घरी न परतलेल्या माणसाचे नाही.