थंडगार नको, नुसती गार

फ्रिजमधून काढलेल्या बाटल्या टेबलावर नुसत्या उभ्या आहेत. मार्चअखेरची नागपूरची संध्याकाळ, पंखा गरम वारा फेकतोय आणि चाखणी सुरू व्हायचं नाव नाही. “अबे, गरम होऊन राहिली ना!” कुणीतरी कळवळतं. पण थोडी व्हायलाच हवी. घरचा फ्रिज चार-पाच अंशांवर असतो. बीअरला कडवटपणा आणि वास देणाऱ्या हॉप्स या फुलांचा गंध उलगडायला सात ते दहा अंश लागतात. बर्फगार बीअर जीभ बधिर करते, वास दाबून टाकते. ज्या बीअरला काही लपवायचं असतं तिला हे सोयीचंच. चार-साडेचार टक्के अल्कोहोलच्या ‘पेल एल’ प्रकारच्या हलक्या बीअरचं मात्र त्यात सगळंच हरवतं.

मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिलेल्या या शहरात खरं तर हलकी बीअरच शोभावी. मागणी असते स्ट्रॉंगची, तीही ‘चिल्ड’. हिशेब सरळ आहे, तेवढ्याच पैशांत जास्त चढते. इंग्लंडच्या पबमधली साधी ‘बिटर’ जेमतेम ३.२ ते ३.८ टक्क्यांची असते आणि तिच्यावर लोक गप्पांची अख्खी संध्याकाळ काढतात.

आता ग्लास. स्वच्छ म्हणजे खरोखर स्वच्छ. साबणाचा किंवा तेलाचा अंश राहिला की फेस बसलाच. चकणा दूर सरकवलेला. सावजी मसाल्याच्या शेंगदाण्यांनंतर हॉप्सचा विषयच संपतो, म्हणून मधे फक्त पाणी आणि साधा पाव.

ओतल्याबरोबर घोट घ्यायचा नाही, आधी नाक. बीजेसीपी या अमेरिकी परीक्षक संस्थेच्या ५० गुणांच्या पत्रिकेत रूपाला ३ गुण आहेत, वासाला १२. छोटे छोटे हुंगे, मधे विश्रांती. वास येतो तो ओळखीचा: संत्र्याची साल दोन बोटांत चेपल्यावर उडणाऱ्या तुषाराचा. मृग बहाराची संत्री टेबलावर असतील तर शेजारी साल चेपून पाहावी. हा निव्वळ भास नाही. हॉप्सच्या तेलात आणि संत्र्याच्या सालीत टर्पीन गटातलीच द्रव्यं असतात. १९७२ साली अमेरिकेत लागवडीसाठी आलेली ‘कॅस्केड’ ही हॉप्सची जात याच लिंबूवर्गी वासामुळे गाजली.

गंमत पुढे आहे. हॉप्स तासभर उकळले की कडवटपणा उतरतो, पण ही तेलं वाफेबरोबर उडून जातात. म्हणून गंधासाठीचे हॉप्स उकळी संपताना किंवा आंबवण झाल्यावर थंड बीअरमध्ये घालतात.

मग पहिला घोट. तो जिभेवर सगळीकडे फिरवायचा आणि गिळायचा. वाइनसारखं थुंकणं इथे सहसा नसतं, कारण कडवटपणाची खरी ओळख घोट गेल्यावर पटते. गिळताना नाकाच्या मागून वास पुन्हा वर येतो. कडवटपणा स्वच्छ सरतो की घशाशी खरवडत राहतो, हे पाहायचं. आणि अंग आहे का? कमी अल्कोहोलची बीअर पाणचट होण्याचा धोका मोठा. त्यावर उपाय म्हणून माल्ट, म्हणजे मोड आणून वाळवलेलं धान्य, ६७-६८ अंशांच्या पाण्यात भिजवतात. यीस्टला न पचणाऱ्या शर्करा त्यामुळे जास्त उरतात आणि बीअर तोंडात भरीव लागते. अशी बीअर करणं स्ट्रॉंगपेक्षा अवघडच म्हणायला हवं. आठ टक्क्यांची ऊब आणि गोडवा पुष्कळ पापं पोटात घालतात. इथे लोण्याचा वास, उकडलेल्या मक्याचा वास, सगळं उघडं पडतं.

विदर्भाचा उन्हाळाही या बीअरचा शत्रूच. उष्णतेने हॉप्सचा ताजेपणा झपाट्याने उतरतो आणि ओल्या पुठ्ठ्याची चव येते. ऊन थेट लागलं तर हॉप्समधल्या कडू द्रव्यांपासून गंधकाचं संयुग तयार होऊन बीअरला घाण वास मारतो. तपकिरी काच त्यासाठीच असते.

ताजेपणासाठी जागेवरच बीअर बनवणारी मायक्रोब्रुअरी बरी. महाराष्ट्रातली पहिली मायक्रोब्रुअरी, ‘डूलाली’, पुण्यात २००९ साली सुरू झाली. अशा ठिकाणी बीअर टाकीतून जवळजवळ थेट ग्लासात येते. बाटली मात्र ट्रक, गोदाम, दुकान अशी वाट तुडवत येते. म्हणून दुकानात ब्रँडआधी लेबलावरची तारीख पाहा. हॉप्सवाली हलकी बीअर तीन-चार महिन्यांहून जुनी असेल, किंवा दारातल्या उन्हात मांडलेली असेल, तर खुशाल परत ठेवा.