हरित हायड्रोजन : आम्लातही टिकणाऱ्या उत्प्रेरकाचा शोध

केंद्रीय मंत्रिमंडळाने ४ जानेवारी २०२३ रोजी राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानास मंजुरी दिली. १९,७४४ कोटी रुपयांच्या या अभियानात २०३० पर्यंत वर्षाला ५० लाख टन हरित हायड्रोजन निर्माण करण्याची क्षमता उभारण्याचे उद्दिष्ट ठेवण्यात आले. हे उद्दिष्ट गाठण्यात विजेच्या दराइतकाच आणखी एक घटक निर्णायक आहे. तो म्हणजे उत्प्रेरक.

विजेच्या साहाय्याने पाण्याचे हायड्रोजन व प्राणवायू यांत विघटन करणे म्हणजे विद्युत अपघटन. एक किलो हायड्रोजन मिळविण्यासाठी सिद्धांतानुसार सुमारे ३९ युनिट वीज लागते. प्रत्यक्षात मात्र ५० युनिट किंवा त्याहून अधिक खर्च होते. ही जादा वीज कमी करण्याचे काम उत्प्रेरक करतो.

आम्ल कशासाठी?

क्षारयुक्त द्रावण वापरणाऱ्या जुन्या पद्धतीत निकेलसारखा स्वस्त धातू चालतो. नव्या पद्धतीत मात्र दोन अग्रांमध्ये प्रोटॉन वाहून नेणारे, आम्लधर्मी पातळ पटल असते. ही यंत्रणा आटोपशीर असून सौर व पवन विजेतील चढउतारांना त्वरित प्रतिसाद देते. परंतु आम्लात निकेल आणि लोह विरघळतात. त्यामुळे हायड्रोजन निघतो त्या ऋणाग्रावर प्लॅटिनम आणि प्राणवायू निघतो त्या धनाग्रावर इरिडियम वापरावे लागते.

जगातील इरिडियमचे वार्षिक उत्पादन दहा टनांपेक्षाही कमी असून ते प्रामुख्याने दक्षिण आफ्रिकेत, प्लॅटिनमच्या खाणींमध्ये उपउत्पादन म्हणून मिळते. म्हणूनच मागणी वाढली तरी पुरवठा त्या प्रमाणात वाढू शकत नाही.

संकरित उत्प्रेरक

भिन्न गुणांचे पदार्थ एकत्र आणून एकाची उणीव दुसऱ्याने भरून काढणे, हे संकरित उत्प्रेरकाचे तत्त्व होय. वंगणात वापरले जाणारे मॉलिब्डेनम डायसल्फाइड हे त्याचे उत्तम उदाहरण. या पदार्थाच्या थरांच्या केवळ कडाच हायड्रोजननिर्मितीस साहाय्य करतात, असे डेन्मार्कमधील संशोधकांनी २००७ मध्ये प्रयोगाने दाखविले. या पदार्थाची विद्युतवाहकता कमी असल्याने त्याला ग्राफीनसारख्या कार्बनी पदार्थाची जोड दिली जाते. काही वेळा प्लॅटिनमचे अत्यल्प कणही त्यावर बसविले जातात.

धनाग्राची समस्या अधिक कठीण आहे. तेथील उच्च विद्युतदाबाखाली कार्बनचाही ऱ्हास होतो. रुथेनियम हा पर्याय प्रभावी असला तरी तो इरिडियमपेक्षा लवकर झिजतो. त्यामुळे टायटॅनियम ऑक्साइडसारख्या आम्लरोधक कणांवर इरिडियम ऑक्साइडचा पातळ थर देऊन मौल्यवान धातूची बचत केली जाते.

खरी कसोटी

प्रयोगशाळेत काही तास किंवा काही दिवस उत्तम कार्य करणारा उत्प्रेरक कारखान्यात हजारो तास टिकेलच असे नाही. त्यामुळे नव्या उत्प्रेरकाचे मूल्यमापन करताना त्याच्या वेगाबरोबरच झिजण्याचे प्रमाणही पाहणे आवश्यक ठरते.

भारताच्या दृष्टीने या संशोधनाचे महत्त्व मोठे आहे. आयात इंधनावरील अवलंबित्व कमी करणे हा हरित हायड्रोजनमागील एक प्रमुख हेतू आहे. परंतु प्लॅटिनम आणि इरिडियमसाठीही देशाला आयातीवरच विसंबावे लागते. अल्प धातूत अधिक काळ चालणारा उत्प्रेरक हाती आला, तरच इंधनाच्या परावलंबनाची जागा धातूचे परावलंबन घेणार नाही.