संवेदी तंत्रिका-उद्दीपन व पायाचे स्नायू

त्वचा, स्नायू, कंडरा व सांधे यांच्याकडून संवेदना वाहून नेणाऱ्या तंत्रिका (मज्जा) उद्दीपित झाल्या असता पायाच्या स्नायूंवरील मेंदूच्या नियंत्रणात फरक पडतो. हा फरक मेरुरज्जू व प्रमस्तिष्क (मोठा मेंदू) अशा दोन पातळ्यांवर घडतो.

परभणीकडच्या काळ्या रानात अनवाणी चालताना पऱ्हाटीचा खुंट तळव्यात रुतला, की वेदना जाणवण्यापूर्वीच तो पाय आखडून वर उचलला जातो व दुसरा ताठ होऊन शरीराचा भार पेलतो. मेरुरज्जूमार्फत होणाऱ्या या प्रतिक्षेपी क्रियेचे सविस्तर विवेचन चार्ल्स शेरिंग्टन यांनी १९१० मध्ये केले. तीवर मेंदूचा अंमल मुळीच चालत नाही असे नाही. डोक्यावर भरलेली घागर असणारी स्त्री तोच पाय बेताने उचलते.

पायाचे प्रेरक क्षेत्र प्रमस्तिष्काच्या दोन्ही गोलार्धांमधील खाचेत, आतील पृष्ठावर असते. तेथील तंतू बहुतांशी लंबमज्जेत बाजू बदलून मेरुरज्जूच्या कटिभागात उतरतात. घोट्याजवळ तंत्रिका उद्दीपित केल्यास तिचा संकेत शेजारच्या संवेदी क्षेत्रात सु. ४० सहस्रांश सेकंदात पोहोचतो. या संकेतांचे महत्त्व जुन्या प्रयोगांतही दिसते. फ्रेडरिक मॉट व शेरिंग्टन यांनी १८९५ मध्ये माकडाच्या एका अवयवाची संवेदी मुळे छेदली, तेव्हा प्रेरक तंत्रिका शाबूत असूनही माकड तो अवयव वापरीनासे झाले.

कवटीबाहेरून मेंदूचे चुंबकीय उद्दीपन करण्याची पद्धती १९८५ मध्ये उपलब्ध झाल्यावर हा परिणाम माणसात मोजता येऊ लागला. गुडघ्याखाली बाहेरच्या बाजूने वळसा घेणाऱ्या मिश्र तंत्रिकेला सुमारे अर्धा तास विद्युत् स्पंद दिल्यास नडगीवरील स्नायूचा मेंदूच्या उद्दीपनाला मिळणारा प्रतिसाद वाढतो व स्पंद थांबल्यावरही काही काळ टिकतो, असे डेन्मार्कमधील संशोधकांनी २००२ मध्ये दाखविले.

पक्षाघातात चालताना पाऊल खाली लोंबते. त्यासाठी याच तंत्रिकेला स्पंद देणारे उपकरण डब्ल्यू. टी. लिबर्सन यांनी १९६१ मध्ये वर्णिले. ते पाऊल तर उचलतेच. शिवाय दीर्घ वापराने मेंदू व स्नायू यांमधील मार्गही काहीसा बळकट होतो, असे २०१० मधील अभ्यासात आढळले.

कुष्ठरोगातही पाऊल असेच लोंबते. महाराष्ट्रात, विशेषतः गडचिरोली व चंद्रपूर जिल्ह्यांत, हे रुग्ण अद्याप आढळत असल्याने दोन्हींतील भेद ध्यानी घेणे अगत्याचे आहे. कुष्ठरोगात मेंदू निकोप असतो, नष्ट होते ती तंत्रिकाच. त्यामुळे तीवर विसंबणारे उपकरण अशा वेळी कामी येत नाही. पोटरीतील एका खोल स्नायूचा कंडरा पावलाच्या वरच्या बाजूस वळवून जोडावा लागतो. तळव्याची बधिरता मात्र या शस्त्रक्रियेने जात नाही. रुतलेला खुंट रुग्णाला कळत नाही, म्हणून मऊ तळाच्या वहाणा कायम वापराव्या लागतात.