बाणाचा ताठपणा आणि धनुर्धराचा नेम

धनुष्यातून सुटलेला बाण सरळ जाताना दिसतो, पण तो सुटताक्षणीच वाकतो, मग उलट बाजूला वाकतो आणि अशी थरथर अंगावर घेऊनच लक्ष्य गाठतो. दांडीने किती वाकावे, हे धनुष्याच्या जोराशी आणि धनुर्धराच्या खेचण्याशी जुळावे लागते. दांडीच्या या ताठपणाला धनुर्विद्येत ‘स्पाइन’ म्हणतात.

सुटलेली दोरी बाणाला मागून ढकलते, तर पुढचे जड टोक जडत्वामुळे जागेवरच राहू पाहते. या दोहोंमध्ये दांडी दाबली जाते आणि तिला बाक येतो. रिकर्व्ह धनुष्याची दोरी बोटांनी ओढतात. बोटांवरून निसटताना ती किंचित बाजूला सरकते, म्हणून हा बाक प्रामुख्याने आडवा असतो. दांडीच्या कंपनाचा वेळ धनुष्याशी जुळला, तर शेपटाकडची पिसे मुठीला न घासता निघून जातात. न जुळला, तर शेपूट आपटते आणि नेम चुकतो. अमेरिकी शास्त्रज्ञ क्लॅरेन्स हिकमन यांनी 1930च्या दशकात वेगवान कॅमेऱ्याने ही हालचाल टिपली.

ताठपणा मोजण्याची रीत ठरलेली आहे. 28 इंच अंतरावरच्या दोन आधारांवर दांडी ठेवून तिच्या मध्यभागी सुमारे 880 ग्रॅम वजन टांगतात. दांडी अर्धा इंच लवली, तर तिचा स्पाइन 500. म्हणजे आकडा जितका मोठा, तितकी दांडी लवचीक. नळीचा व्यास, भिंतीची जाडी आणि कार्बन किंवा अॅल्युमिनियम यांसारखा पदार्थ यांवर हा आकडा ठरतो.

प्रत्यक्ष नेमबाजीत मात्र एवढ्याने भागत नाही. तीच दांडी लांब ठेवली किंवा तिला जड टोक बसवले, तर ती अधिक लवते. कापून आखूड केली, तर ताठ वागते. धनुष्याचा जोर वाढला की बाकही वाढतो. म्हणून हाताची लांबी आणि खेचण्याचे वजन मोजूनच बाण निवडतात. मग पिसे नसलेला आणि पिसे असलेला बाण एकाच नेमाने सोडून पाहतात. उजव्या हाताने दोरी ओढणाऱ्या रिकर्व्ह खेळाडूचा बिनपिसांचा बाण डावीकडे लागला, तर दांडी गरजेपेक्षा ताठ आहे आणि उजवीकडे लागला, तर गरजेपेक्षा लवचीक, असा निष्कर्ष काढतात.

टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळलेला फलटण तालुक्यातील सरडे गावचा प्रवीण जाधव रिकर्व्ह प्रकारातला. त्यात लक्ष्य 70 मीटरवर असते. कंपाउंड धनुष्याची दोरी यांत्रिक रिलीजने सुटते, त्यामुळे आडवा बाक खूप कमी होतो. धनुष्याचा जोर मात्र मोठा असल्याने दांडी पुरेशी ताठ लागते. 5 ऑगस्ट 2023 रोजी बर्लिनमध्ये याच प्रकारात साताऱ्याची अदिती स्वामी आणि नागपूरचा ओजस देवतळे वैयक्तिक विश्वविजेते ठरले. ओजसने अंतिम फेरीत 150 पैकी 150 गुण मिळवले. म्हणजे पंधराच्या पंधरा बाण 50 मीटरवरच्या आठ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळात लागले. असे सातत्य साधायचे, तर हात स्थिर हवाच, शिवाय संचातल्या प्रत्येक बाणाचे वजन आणि ताठपणाही सारखा हवा.

हाच प्रश्न गोल्फमध्येही येतो. तिथे क्लबची दांडी खेळाडूच्या फटक्याचा वेग आणि लय पाहून निवडतात. दांडीचा बाक चेंडूला भिडणाऱ्या डोक्याचा कोन बदलतो. पण ‘रेग्युलर’ किंवा ‘स्टिफ’ या श्रेणींमागे सर्व कंपन्यांना बांधून ठेवणारे एकच मोजमाप नाही. बाणाचा स्पाइन त्या मानाने नेमका आहे.

छत्रपती संभाजीनगर असो वा सातारा, नव्या खेळाडूने इतरांचे बाण वापरू नयेत. हलक्या धनुष्याला फार ताठ बाण दिला, तर मुलाची चूक नसताना नेम बिघडतो. जोरकस धनुष्यावर फार लवचीक बाण चढवला, तर तो सुटतानाच मोडून हाताला इजा करू शकतो. कार्बनचा बाण प्रत्येक वेळी सोडण्याआधी हलकेच वाकवून तडा गेला आहे का, हे पाहावे. वाढत्या वयात हाताची लांबी आणि ताकद बदलते. त्यामुळे नवे धनुष्य घेताना बाणांचा स्पाइनही प्रशिक्षकाकडून पुन्हा तपासून घ्यावा.