खिशातली तबकडी : आयपॉडच्या घडणीची हकिगत

तोशिबा या जपानी कंपनीकडे २००१च्या सुरुवातीला एक वस्तू तयार होती, पण तिचे करायचे काय, हे कंपनीलाच उमगत नव्हते. ती होती १.८ इंची हार्ड डिस्क. जाडी अवघी ५ मिलिमीटर आणि पोटात ५ जीबी जागा. त्या काळच्या लॅपटॉपमध्ये २.५ इंची डिस्क असे आणि ती कोणाला अडचणीची वाटत नव्हती. मग एवढी चिमुकली डिस्क घेणार कोण? फेब्रुवारी महिन्यात ॲपलचे हार्डवेअर प्रमुख जॉन रुबिनस्टीन कामानिमित्त जपानला गेले असता तोशिबाच्या इंजिनिअरांनी ती त्यांना दाखवली. तिचा उपयोग रुबिनस्टीन यांना तिथल्या तिथे कळला. त्याच वर्षी २३ ऑक्टोबरला ॲपलचे प्रमुख स्टीव्ह जॉब्ज यांनी क्युपर्टिनोच्या सभागृहात खिशातून १८४ ग्रॅम वजनाचे एक पांढरे यंत्र बाहेर काढले आणि त्यात हजार गाणी मावतात असे सांगितले. तो पहिला आयपॉड.

आयपॉडचा इतिहास बहुधा रंगरूपाच्या अंगाने सांगितला जातो : पांढरा, मग रंगीत, मग आणखी पातळ. मला तो अपुरा वाटतो. गाणे कशात साठवले आहे, हे आधी पाहावे. यंत्राचा आकार, वजन, बटणे, बॅटरी हे सगळे त्यामागून आपोआप येते. शिवाय या वाटचालीत एक गोष्ट सारखी घडत गेली. जवळपास प्रत्येक पिढीत यंत्रातला एखादा हलणारा भाग नाहीसा झाला.

पण आधी गाणे खिशात मावण्याजोगे लहान व्हायला हवे होते. सीडीवर आवाजाची नोंद सेकंदाला ४४,१०० वेळा होते, तीही डाव्या-उजव्या कानांसाठी वेगवेगळी. हिशेब केला तर सेकंदाला १४ लाखांहून जास्त बिट होतात. जर्मनीत एरलांगेन इथल्या फ्राउनहोफर संस्थेत कार्लहाइन्त्स ब्रांडेनबुर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी यंत्राऐवजी माणसाच्या कानाचा अभ्यास केला. पखवाजावर जोराची थाप पडते त्या क्षणी, तिच्या आसपासच्या स्वरांतली बारीक कुजबुज आपल्याला ऐकूच येत नाही. मग ती साठवायची कशाला? कानाला न कळणारे असे काढून टाकले की फाईल दहा-अकरा पटींनी आक्रसते आणि बहुतेकांना फरक जाणवत नाही. १४ जुलै १९९५ला या फायलींसाठी एमपी३ हे नाव मुक्रर झाले.

खिशातले वादक त्यानंतर तीनच वर्षांत आले. दक्षिण कोरियाच्या सेहान कंपनीचा एमपीमॅन आणि अमेरिकेतल्या डायमंड कंपनीचा रिओ, दोन्ही १९९८चे. त्यांत हलणारे काहीच नव्हते, गाणी चिपवर असत. पण चिप महाग, म्हणून जागा ३२ एमबी. जेमतेम एका सीडीपुरती, तीही आवाजाचा दर्जा उतरवून. रेकॉर्ड कंपन्यांच्या संघटनेने रिओविरुद्ध कोर्टात धाव घेतली. जून १९९९मध्ये अपील कोर्टाने निकाल डायमंडच्या बाजूने दिला. तो उलटा लागला असता तर पुढचे काहीच घडले नसते, म्हणून त्याची आठवण ठेवायला हवी. दुसऱ्या टोकाला सिंगापूरच्या क्रिएटिव्ह कंपनीचा २०००चा नोमॅड ज्यूकबॉक्स होता. त्यात ६ जीबी जागा होती, पण लॅपटॉपची डिस्क बसवल्याने तो सीडी प्लेअरएवढा झाला होता. एकीकडे खिसा होता, दुसरीकडे गाणी होती. दोन्ही एकत्र आणले ते तोशिबाच्या त्या डिस्कने.

मिनिटाला ४,२०० फेरे घेणारी तबकडी खिशात घालून माणूस जिने चढतो, बसमागे धावतो आणि गाणे अडखळत नाही, हे कसे जमले? खरे तर डिस्क बहुतेक वेळ थांबलेलीच असे. आयपॉडमध्ये ३२ एमबीची वेगळी मेमरी होती. डिस्क काही क्षण फिरून पुढची काही गाणी या मेमरीत ओतायची आणि स्वस्थ व्हायची. कणगीतून लागेल तेवढे धान्य डब्यात काढून घ्यावे आणि कणगीचे तोंड पुन्हा लावून टाकावे, तसा हा व्यवहार. सुमारे २० मिनिटांचे संगीत असे काढून ठेवलेले असे. मोटर फिरण्याचा वेळ घटल्यामुळेच बॅटरी १० तास पुरे. आयपॉड कानाशी धरला तर डिस्क जागी झाल्याची बारीक घरघर ऐकू येई, मग पुन्हा शांतता.

ही रचना चार-पाच मिनिटांच्या गाण्यांसाठी होती. बॅटरी वाचवायची असेल तर फायली ९ एमबीहून लहान ठेवा आणि मोठ्या असतील तर त्यांचे तुकडे करा, असा ॲपलचाच सल्ला असे. भावगीत, नाट्यपद, चित्रपटगीत यांना त्याने काही बाधा येत नव्हती. पण पाऊण तासाचा ख्याल चांगल्या दर्जात साठवला तर तो ५० एमबीच्या पुढे जातो. म्हणजे अख्ख्या डब्यातही न मावणारा. डिस्क वारंवार जागी होई आणि बॅटरी झपाट्याने उतरे. बरे, विलंबित आणि द्रुत वेगळे काढून ठेवले, तर दोन फायलींच्या मध्ये क्षणभर पोकळी येऊन तानपुरा तुटायचा. तो क्षण किरकोळ नाही. तानपुऱ्याचा नाद अखंड असतो यावरच ती मैफल उभी असते. आयपॉडमध्ये सलग वादनाची सोय सप्टेंबर २००६मध्ये आली, म्हणजे पहिल्या यंत्रानंतर जवळजवळ पाच वर्षांनी. ऑपेराचे आणि सलग रॉक अल्बमचे श्रोतेही हीच मागणी करत होते.

हजार गाणी मावली, आता त्यांतले हवे ते सापडायला हवे. बटण हजारदा कोण दाबणार? चक्राची कल्पना ॲपलच्या विपणन विभागाचे फिल शिलर यांची. पहिल्या आयपॉडचे चक्र खरोखर गोल फिरायचे. बोट सावकाश फिरवले तर यादी एकेका नावाने सरकते, भरभर फिरवले तर पन्नास नावे झरकन निघून जातात. माझ्या मते आयपॉडच्या यशात या चक्राचा वाटा डिस्कइतकाच मोठा आहे. जुलै २००२मध्ये दुसरी पिढी आली आणि चक्र फिरायचे थांबले. त्याजागी बोटाचा स्पर्श विद्युतभारातील बदलावरून ओळखणारी स्थिर पट्टी आली. फिरते काहीच नसल्याने बोटाला काही कळेना; यंत्राच्या आतला एक इवलासा स्पीकर मात्र टिकटिक आवाज करी. हेडफोन लावलेला नसतानाही तो ऐकू येतो. २००३मध्ये बटणे चक्राभोवतालून उचलून पडद्याखाली एका ओळीत मांडली गेली. ही मांडणी टिकली नाही. २००४मध्ये बटणे चक्राच्या कडेखालीच लपवली : वरून स्पर्श, दाबले की कळ. डिस्कवाल्या आयपॉडमध्ये हे क्लिकव्हील शेवटपर्यंत राहिले.

मधल्या काळातल्या व्यापारी घडामोडी थोडक्यात सांगायच्या तर, २००२मध्ये आयपॉड विंडोजवाल्यांनाही वापरता येऊ लागला, एप्रिल २००३मध्ये ९९ सेंटला एक गाणे विकणारे ॲपलचे ऑनलाइन दुकान उघडले, आणि यादीतून गाणे शोधण्याच्या पेटंटपोटी ऑगस्ट २००६मध्ये ॲपलने क्रिएटिव्हला १० कोटी डॉलर दिले.

क्लिकव्हील पहिल्यांदा आले जानेवारी २००४च्या आयपॉड मिनीत. त्यात डिस्क आणखी लहान, एक इंची होती. मूळ शोध आयबीएमचा, पुढे हा धंदा हिताचीने घेतला. नाण्याएवढ्या तबकडीवर ४ जीबी! पाच रंगांतला हा मिनी तडाखेबंद खपत होता. अशा वेळी, ७ सप्टेंबर २००५ला, ॲपलने तो बंदच केला. त्याच्या जागी आला नॅनो : ६.९ मिलिमीटर जाड, ४२ ग्रॅम वजनाचा. जीन्सच्या उजव्या खिशावर एक चिमुकला खिसा असतो. जॉब्ज यांनी नॅनो त्यातून काढून दाखवला. चालते दुकान बंद करून नवे मांडायचे धाडस भल्याभल्यांना होत नाही.

नॅनोत डिस्क नव्हती, फ्लॅश चिप होती. तिच्यात चारी बाजूंनी बंदिस्त केलेल्या सूक्ष्म कप्प्यांत इलेक्ट्रॉन कोंडले जातात आणि वीज गेली तरी ते तिथेच राहतात. ही मेमरी शोधली फुजिओ मासुओका यांनी, तोशिबातच. म्हणजे आयपॉडला जन्म देणारी डिस्क आणि त्या डिस्कला हटवणारी चिप, दोन्हींचे मूळ एकाच कंपनीत आहे. मागणी एवढी होती की नोव्हेंबर २००५मध्ये ॲपलने पाच चिप उत्पादकांना मिळून सव्वाशे कोटी डॉलर आगाऊ देण्याचे जाहीर केले.

फ्लॅशवरच चालणारा शफल नॅनोच्या आधीच, जानेवारी २००५मध्ये आला होता. २२ ग्रॅम वजन, पडदाच नाही. गाणी क्रमाने ऐका किंवा उलटसुलट, पण निवड करता येणार नाही. तरीही तो लोकांना आवडला. २००९च्या शफलवर मात्र एकही वाजवण्याचे बटण नव्हते. सगळे नियंत्रण हेडफोनच्या वायरीवर, आणि गाण्याचे नाव यंत्र बोलून सांगायचे. कल्पना म्हणून मला ती आजही थक्क करते. पण हेडफोन बिघडला की यंत्र मुके, आणि दुसऱ्या साध्या हेडफोनने ते चालवता येत नसे. पुढच्याच वर्षी बटणे परत आली.

२००७चा सप्टेंबर या साऱ्या हकिगतीचा कळस आहे. एकाच दिवशी दोन यंत्रे आली. एक क्लासिक : १६० जीबीची डिस्क, ४० हजार गाणी. दुसरा टच : चक्र गेले, सगळा पडदाच बोटांखाली. पुढच्याच महिन्यात त्या वर्षीचे भौतिकशास्त्राचे नोबेल आल्बेर फेर आणि पेटर ग्रुनबर्ग यांना जाहीर झाले. चुंबकीय आणि अचुंबकीय धातूंचे अतिपातळ थर एकावर एक रचले तर क्षीण चुंबकक्षेत्रानेही त्यांचा विद्युतरोध लक्षणीय बदलतो, हे त्यांनी १९८८च्या सुमारास स्वतंत्रपणे शोधले होते. याच गुणामुळे डिस्कवरचे फार बारीक चुंबकीय ठिपके वाचता येऊ लागले आणि एवढ्याशा तबकडीत गाण्यांचा ढीग मावला. खिशातल्या डिस्कचा असा सन्मान झाला तेव्हा तिचे दिवस भरत आले होते.

फोनमध्येच संगीत आल्यावर बाकीचा प्रवास उताराचा होता. क्लासिक सप्टेंबर २०१४मध्ये बंद झाला. त्याचे सुटे भाग आता जगात कुठेच मिळत नाहीत, असे कारण ॲपलचे त्यावेळचे प्रमुख टिम कुक यांनी दिले. नॅनो आणि शफल जुलै २०१७मध्ये गेले, टच मे २०२२मध्ये.

जुने आयपॉड मात्र हौशी मंडळी आजही उघडत असतात, विशेषतः २००५चा पाचव्या पिढीचा. प्लॅस्टिकची पातळ पट्टी सांध्यात सरकवून मागचे स्टीलचे झाकण सोडवायचे, रिबनसारख्या वायरीवरून डिस्क काढायची आणि तिथे मेमरी कार्ड धरणारी छोटी पाटी बसवायची. डिस्कची जागा मोकळी झाल्याने मोठी बॅटरी मावते. कार्डाला जागे व्हायला वेळ लागत नाही, त्यामुळे पाऊण तासाचा ख्यालही बॅटरीला जड जात नाही. अशा यंत्रात चक्राखालच्या पाच कळा आणि माथ्यावरची, कळा कुलूपबंद करणारी होल्डची पट्टी, एवढेच काय ते हलते.