वीराभास आणि हास्य : एका संगणकीय युद्धखेळाच्या निमित्ताने

वीररसाचे हास्यात रूपांतर कसे होते, या जुन्या प्रश्नाला अलीकडे एका अनपेक्षित क्षेत्रातून नवे उदाहरण मिळाले आहे. स्वीडनमधील लँडफॉल या संस्थेचा ‘टोटली ॲक्युरेट बॅटल सिम्युलेटर’ हा संगणकीय खेळ २०१९ साली प्राथमिक आणि २०२१ साली पूर्ण स्वरूपात प्रसिद्ध झाला. दोन्ही वेळा दिवस निवडला गेला तो १ एप्रिलचा. युद्धाची तंतोतंत प्रतिकृती असल्याचा दावा नावात आहे. त्यातील उपरोध तारखेनेच उघड होतो.

खेळाची रीत साधी आहे. तांबडा आणि निळा असे दोन पक्ष असतात. खेळाडूने ठरावीक रकमेत सैनिक घ्यावयाचे, त्यांची व्यूहरचना करावयाची आणि युद्धाला आरंभ करून द्यावयाचा. एखाद्या सैनिकाच्या देहात शिरून लढण्याची सोय असली, तरी एरवी तो यानंतर प्रेक्षकच उरतो. देशकालाचे बंधन नाही : ग्रीक भालाइतांपुढे आदिम टोळीतील महाकाय मॅमथ उभा करता येतो, शेतकऱ्यांवर प्रत्यक्ष झ्यूस सोडता येतो.

खरे वैशिष्ट्य देहांच्या घडणीत आहे. अन्य युद्धखेळांत धावणे, वार करणे इत्यादी हालचाली बहुधा आधीच रेखून ठेवलेल्या असतात. येथे देह म्हणजे सांध्यांनी जोडलेल्या भागांचा समुच्चय. प्रत्येक भागाला वजन आहे, गुरुत्वाकर्षण आहे, आघाताची प्रतिक्रिया आहे. त्यांना उभे ठेवणारे बळ तेवढे जेमतेम आहे. त्यामुळे योद्धा झिंगल्यासारखा चालतो आणि स्वतःच्याच शस्त्राच्या ओझ्याने भेलकांडतो. वायकिंग योद्धे तर अख्खे जहाज उचलून कोरड्या जमिनीवरून धावत येतात.

भरताने वीररसाचा स्थायी भाव उत्साह मानला आणि त्याच्या अनुभावांत स्थैर्याला अग्रस्थान दिले. या खेळातील सैनिकांत उत्साहाची उणीव नाही. कोणी माघार घेण्याच्या मनःस्थितीत दिसत नाही. हरवले आहे ते केवळ स्थैर्य. स्थायी भाव अभंग, अनुभाव मात्र कोसळलेला : या विसंगतीतून वीराभास निर्माण होतो. रसाभासातून हास्य संभवते, हे अभिनवगुप्ताचे प्रतिपादन येथे जणू प्रयोगाने पडताळता येते.

माणूस वस्तूसारखा भासू लागला की आपण हसतो, असे फ्रेंच तत्त्वज्ञ बर्गसाँ याने १९०० साली मांडले. त्याच्या विवेचनात जिवंत देहावर यांत्रिक ताठरपणा चढतो. येथे उलट ताठरपणाच नाहीसा होऊन देह चिंधीच्या बाहुलीसारखा लुळा पडतो. हास्य तरीही उत्पन्न होते, कारण संकल्पाचा देहावरील ताबा दोन्हीकडे सुटलेला असतो. बेडूक आणि उंदीर यांच्या युद्धाचे प्राचीन ग्रीक विडंबनकाव्य महाकाव्याची भारदस्त भाषा क्षुद्र जीवांना बहाल करते. प्रस्तुत खेळाला भाषेची गरजच पडत नाही. विडंबनाचे कार्य गुरुत्वाकर्षण करते. त्यात एक भाटही आहे. तो वाद्य वाजवीत रणांगणात वावरतो आणि कोणालाही इजा करीत नाही. पोवाडा गाणारा शाहीर वीराच्या कीर्तीला शब्द देतो. या भाटापाशी सांगण्याजोगा पराक्रमच नाही.

मात्र या हास्याची किंमत लक्षात घेतली पाहिजे. महाभारतात युद्धानंतर स्त्रीपर्व येते. रणभूमीवर येणाऱ्या स्त्रिया छिन्न देहांना पुन्हा नाव आणि नाते देतात, आणि तेथे करुणाचा अधिकार सुरू होतो. या खेळातील सैनिकाला नाव नाही, त्याच्यासाठी विलाप करणारे कोणी नाही. एक कळ दाबताच मैदान मोकळे होते. येथील हास्य निर्मळ राहते ते या अभावामुळेच. हा खेळ पराक्रमाच्या ऐटीचे अचूक विडंबन करतो. युद्धाचे विडंबन त्याच्या आवाक्याबाहेरचे आहे, कारण ज्या दुःखामुळे युद्ध हे युद्ध ठरते, त्याला या मैदानात प्रवेशच नाही.