सावळी, पण स्मार्ट!

'सावळी, पण स्मार्ट!' ही कॉम्प्लिमेंट मी कॉलेजपासून ऐकतेय. त्यातल्या 'पण'ची मला जाम गंमत वाटते. 'गोरी, पण हुशार' असं कुणी म्हटलेलं ऐकलंय कधी?

हा 'पण' काही फक्त आत्या-मावश्यांचा नाही. १९७५मध्ये बाजारात आलेल्या 'फेअर अँड लव्हली'ने त्यावर अख्खा धंदा उभा केला. जाहिरातींचा फंडा सिंपल: एअरहोस्टेस व्हायचंय? क्रिकेट कॉमेंटेटर? आधी क्रीम लावा! अखिल भारतीय जनवादी महिला संघटनेने तक्रार केली, तेव्हा कुठे २००३मध्ये त्यातल्या काही जाहिराती बंद झाल्या. दोनच वर्षांत पुरुषांसाठी 'फेअर अँड हँडसम' हजर! (घ्या, समानता.)

२०२०मध्ये 'फेअर'चं 'ग्लो' झालं. शादी डॉट कॉमनेही त्वचेच्या रंगाचा फिल्टर काढला. बरंच झालं. तरी परवा एका स्थळाकडून आईला फोन आलाच, "मुलीचा मेकअप न केलेला फोटो पाठवाल का? दिवसाउजेडी काढलेला?"

आई घाईघाईने म्हणाली, "पाठवते ना. पगार चांगला आहे हो तिचा!"

फोटो मी अजून दिलेला नाही.